कोकणचा काळा कातळ बघायचाय? आधी कॅलेंडरात तिथी बघा

हरिहरेश्वरला भर दुपारी पोचायचं, दर्शन उरकायचं, प्रदक्षिणेच्या वाटेवर पाणी चढलेलं बघून मागे फिरायचं आणि घरी येऊन "समुद्राशिवाय तिथे काही नाही हो" असं सांगायचं. दर शनिवार-रविवारी असे शेकडो लोक परततात. चूक जागेची नसते, वेळेची असते. कोकणच्या किनाऱ्यावर बघण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, आणि उरलेलं वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच रंगात येतं.

हा सगळा किनारा ज्वालामुखीचा आहे, पण इथे शंकूसारखा डोंगर किंवा वर धुमसणारं तोंड शोधू नका. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि पुरासारखा पसरला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा. सह्याद्रीच्या कड्यावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. किनाऱ्याकडे येताना ते पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. या काळ्या दगडाला पुस्तकात बेसॉल्ट म्हणतात, कोकणात काळवत्री. त्याच्या डोक्यावर तांबडा जांभा बसलेला असतो. काळवत्री खाली, जांभा वर, एवढं लक्षात ठेवलं तरी हरिहरेश्वरपासून देवगडपर्यंतचा किनारा वाचता येतो. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात, म्हणून हे लिखाण तिथवरच.

आता तिथीचं गणित. जुन्या पिढीला पाऊणकी पाठ असायची, त्यांना हे तोंडी जमतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजायचं एक ते पंधरा. भरतीच्या सव्वासहा तास पुढे किंवा मागे पूर्ण ओहोटी. तिथी काही मध्यरात्री बदलत नाही, शिवाय तिचा क्षय किंवा वृद्धी असते, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. खाडीत आत गेलात तर भरती आणखी उशिरा पोचते. नक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप बघा, पण त्यात जवळचं बंदर निवडा. मुंबईचे आकडे रत्नागिरीला लावू नका. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, दक्षिणेला जाल तसा हा फरक कमी होतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या आसपास भांग: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. अष्टमीला भर दुपारी बारा वाजता ओहोटी असते. कागदावर वेळ झकास, पण भांगामुळे कातळ पुरता उघडाच पडत नाही.

या हिशेबाने हरिहरेश्वरसाठी उत्तम दिवस म्हणजे द्वितीया ते चतुर्थी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास, आणि उधाण अजून ओसरायचं असल्यामुळे पाणी चांगलं लांब गेलेलं असतं. प्रथेप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि मग प्रदक्षिणा. वाट आधी पायऱ्यांनी वर चढते आणि मग दोन कड्यांच्या फटीतून सरळ समुद्रावर उतरते. सात वाजता पायऱ्या उतरायला लागलात तर हातात भरपूर वेळ असतो.

उतरलात की लगेच चालत सुटू नका. उजेड तिरपा असतानाच कड्याच्या भिंतीकडे बघा. दगडावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील: काही करंगळी जाईल एवढी, काही नारळ मावेल एवढी, आणि दोन भोकांच्या मधली भिंत कधी कधी पोळीइतकी पातळ. हे लाटांनी ठोकून केलेलं काम नाही. लाटेचे तुषार दगडाच्या छिद्रांत जिरतात, ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना दगडाचे कण आतून ढकलतात, कण सुटतो. एकदा खळगा पडला की तिथे सावली आणि ओल जास्त टिकते, मीठही जास्त साठतं, म्हणून खळगा आणखी खोल होतो आणि शेजारची कड तशीच राहते. बोटाने घासून बघितलंत तर कोरडी बारीक पूड हाताला लागेल. घासायचं ते एकदाच. त्या पातळ भिंती अंगठ्याच्या दाबाने मोडतात, आणि मोडलेल्या कडा लगेच ओळखू येतात, कारण त्यांचा रंग ताजा असतो.

पायाखालचा सपाट ओटा मात्र लाटांनी केलेला. कड्याच्या पायथ्याला लाटा खात गेल्या, वरचा भाग कोसळत मागे सरकला आणि तळ उरला. त्यावर दोन-तीन गोष्टी शोधा. दगडात पांढरे ठिपके दिसतात ते लाव्ह्यातले बुडबुडे: वायू निघून गेला आणि पोकळीत नंतर पाण्यातली खनिजं भरली. कोकणच्या किनाऱ्यावर अशा ओट्यांतून कुठे कुठे एखादा सरळ पट्टा रूळ टाकल्यासारखा लांबवर गेलेला दिसतो, आजूबाजूच्या दगडापेक्षा निराळ्या पोताचा. जुन्या थरांना तडा गेला आणि त्या तड्यात नवा लाव्हा घुसून गोठला, तो हा पट्टा. तो शेजारच्या दगडापेक्षा टणक असेल तर भिंतीसारखा उभा राहतो आणि मऊ असेल तर त्याचीच चर होते.

सुरक्षिततेचं बोलायचं तर पाटीपेक्षा कातळच जास्त स्पष्ट सांगतो. कड्याकडून पाण्याकडे जाताना आधी कोरडा काळा दगड लागतो, मग कालवांचा खरबरीत पट्टा, मग हिरवं शेवाळ. कालवं जिथवर आहेत तिथवर पाणी रोज येतं. हिरव्यावर पाय ठेवला की घसरलाच. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सॅन्डल घाला. चप्पल निसटते, आणि अनवाणी चाललात तर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. उतरण्याआधी वर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं लाटा बघा. सात-आठ सारख्या लाटा येतात आणि मग एखादी दुप्पट येते, बहुतेक अपघात त्या एका लाटेने होतात. ओल्या दगडावर उभे असाल तर तुमच्या आधी तिथे लाट येऊन गेली आहे, एवढा साधा नियम. पूर्ण ओहोटी झाली की अर्ध्या तासात परत फिरा. भरतीचे पहिले दोन तास पाणी सुस्त वाटतं, पण मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं, आणि कड्याला मध्येच वर जायला वाट नाही.

हेदवीचं गणित बरोबर उलटं. गुहागर तालुक्यात हेदवीच्या समुद्रावर उमामहेश्वराचं देऊळ आहे, तिथून कातळावरून थोडं चाललं की बामणघळ. कातळात एक अरुंद, खोल चीर आहे, एक तोंड समुद्राकडे. भरतीची लाट त्या चिरेत घुसते, आत जागा निमुळती होत जाते, पुढे वाट नसते, म्हणून पाणी आणि कोंडलेली हवा एकदम वर फेकली जाते. ओहोटीत इथे एक कोरडी भेग दिसते आणि लोक हिरमुसले होऊन परततात. म्हणून इथे भरतीलाच यायचं, आणि तेही उधाणाच्या: पौर्णिमा किंवा अमावास्या, सकाळी दहा ते बारा. भरती भरत येतानाचा शेवटचा तास सगळ्यांत चांगला. पाणी अगदी काठोकाठ भरलं की चीर आधीच बुडालेली असते आणि फवारा मंदावतो. दुसरी अट लाटेची. डिसेंबर-जानेवारीत समुद्र तळ्यासारखा शांत असला की पौर्णिमेलाही नुसतं खळखळ ऐकू येतं. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर किंवा मे महिना बरा. भर पावसाळ्यात जोर खूप असतो, पण तेव्हा त्या कातळावर उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. चिरेत एक ब्राह्मण पडला म्हणून हे नाव, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, काठ निसरडा आहे हे खरं. फवारा जिथे पडतो त्या ओल्या वर्तुळाच्या बाहेर उभं राहायचं, आणि पाठ समुद्राकडे करून फोटो काढायचा नाही.

हरिहरेश्वर ते हेदवी रस्त्याने जाताना खाड्या आडव्या येतात. बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने सावित्री ओलांडायची, मग केळशी-आंजर्ले-दापोली करत दाभोळ, तिथून धोपाव्याला दुसरी बोट. हेदवीहून पुढे तवसाळ-जयगड तिसरी. गाडी बोटीत चढते. शेवटची फेरी चुकली तर मात्र पहिल्या खाडीला आंबेत-म्हाप्रळवरून आणि दुसरीला चिपळूणवरून वळसा पडतो. अंतर नकाशावर हातभर दिसतं, प्रत्यक्षात संध्याकाळ जाते. त्या दिवशीची शेवटची वेळ धक्क्यावर विचारून घ्या, महिन्यांपूर्वी कुणीतरी नेटवर टाकलेल्या वेळेवर विसंबू नका.

गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: खाली अजून ज्वालामुखी जिवंत आहे. नाही. तो लाव्हा कधीच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. जमिनीत जितकं खोल जाल तितकी उष्णता वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश, काही ठिकाणी जास्त. एक-दीड किलोमीटर खाली जाऊन तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर आलं, वाटेत निवायला वेळ मिळाला नाही, की झाला गरम पाण्याचा झरा. म्हणूनच हे झरे ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळच्या सव, दापोलीतल्या उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातल्या आरवली, तुरळ, राजवाडी असे करत राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशा ओळीत लागतात. भेगांची ओळ तीच झऱ्यांची ओळ.

यातलं उन्हवरे सगळ्यांत कडक, ७० अंशांच्या आसपास. मूळ कुंडात पाय घालायचा नाही, भाजतो. आंघोळीची कुंडं वेगळी असतात, पुरुषांचं आणि बायकांचं निराळं. आधी हाताने पाणी अंगावर घ्या, मग घोट्यापर्यंत, मग बसा. दहा मिनिटं पुरे. जास्त वेळ बसून एकदम उठलात की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ओल्या फरशीवर तोल जातो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी फक्त पाय बुडवून समाधान मानावं. साबण आणू नका. चांदीची पैंजणं, जोडवी, साखळी काढून ठेवा: पाण्यात गंधक आहे, चांदी काळी पडते. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तोही त्याचाच. वाफ बघायची असेल तर थंडीत पहाटे जा. मे महिन्यात दुपारी गरम पाण्याचं कुंड बघायला जाणाऱ्यांना काय म्हणावं? तुरळ आणि राजवाडी मुंबई-गोवा महामार्गापासून जवळ आहेत, चिपळूण ते संगमेश्वर प्रवासात सहज होतात.

राजापूरला उन्हाळे गावच्या झऱ्याजवळच गंगातीर्थ आहे. चौदा कुंडं, एरवी कोरडी, आणि पूर्वापार समजुतीप्रमाणे साधारण तीनेक वर्षांनी कधीतरी अचानक वाहू लागतात. 'गंगा आली' की स्थानिक वर्तमानपत्रांत बातमी येते. तारीख ठरवून तिथे जाता येत नाही. बातमी वाचली की निघायचं, एवढंच.

रत्नागिरी शहरात वाळूचा एक छोटा प्रयोग करता येतो. मांडवीच्या बाजूला काळा समुद्र, रत्नदुर्गाच्या पलीकडे पांढरा समुद्र, ही नावं वाळूवरून पडली. पांढऱ्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा जास्त. ती पुळण आता धूप होऊन बरीच गेली आहे आणि तिथे दगडी बंधारा आला आहे. काळ्या वाळूत बेसॉल्ट झिजून सुटलेली लोह आणि टायटॅनियमची जड खनिजं. एक साधं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या काळ्या वाळूत फिरवा: केसाळ सुरवंटासारखे काळे कण चिकटून येतात. पिशवी उलटी केली की कण सुटतात. पिशवीशिवाय फिरवलंत तर चुंबक साफ करता करता नाकी नऊ येतात. लाट परतताना हलकी वाळू नेते आणि जड मागे ठेवते, म्हणून पुळणीवर काळ्या रेघा पाण्याच्या शेवटच्या टोकाला जास्त दाट असतात.

धबधब्यांवर फार लिहीत नाही, त्यांना आधीच गर्दी पुरेशी आहे. चिपळूणच्या परशुराम घाटाजवळचा सवतसडा, मारळचा मार्लेश्वर, हे सगळे थरांच्या पायऱ्यांवरून पडतात: वरचा टणक थर टिकतो, खालचा मऊ झिजतो. पाणी एकदम गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहत आला की वर पाऊस कोसळतोय. तेव्हा मागचापुढचा विचार न करता बाहेर पडा.

आणि सडा. किनारा बघून लोक परततात, डोक्यावरचा सडा तसाच राहतो, आणि आमच्या मते कोकणातली सगळ्यांत दुर्लक्षित जागा तीच. उष्ण, पावसाळी हवेत काळवत्री लाखो वर्षं कुजत गेला, पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे उरलं, तो जांभा. खाणीतून ताजा चिरा काढताना मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. या जांभ्याची मैलोन् मैल सपाट पठारं म्हणजे सडे. एप्रिलमध्ये ते तव्यासारखे तापतात, सावलीला झाड नाही. दोन लिटर पाणी माणशी आणि सकाळी नऊच्या आत परत, हे पाळा. पहिल्या पावसानंतर मात्र रूप बदलतं. जूनअखेर-जुलैत पांढरी दीपकाडी फुलते, ती कोकणातलीच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणथळ खळग्यांभोवती निळी सीतेची आसवं आणि पांढऱ्या गेंदांचे ठिपके. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण कीटकभक्षी आहेत: मुळांजवळच्या बारीक फुग्यांत पाण्यातले जीव अडकतात. चालताना उघड्या कातळावरून चाला. गवताच्या पट्ट्यात बोटभर माती असते आणि एका बुटाने ती वाहून जायला मोकळी होते.

याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत. २०२२ साली यातल्या नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. सुरुवातीला उक्षी सोपं. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, आणि कोरलेल्या हत्तीभोवती दगडी गडगा घातलेला असल्यामुळे शोधाशोध होत नाही. कशेळीचा हत्ती प्रचंड, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. तिथे गेलात तर कनकादित्याचं देऊळ आणि देवघळीचा कडाही होतो. चित्रं फार खोल कोरलेली नाहीत, म्हणून भर दुपारी ती दिसतच नाहीत. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास घ्या, रेघेच्या एका काठाची सावली पडली की हत्ती कातळातून उठून आल्यासारखा दिसतो. फोटोत उठून दिसावं म्हणून खडूने किंवा चुन्याने रेघा भरू नका. चपला काढून कडेने फिरा.

याच यादीतल्या देवाचे गोठणेला गेलात तर साधं होकायंत्र बरोबर ठेवा. शिल्पाजवळ कातळावर ते ठेवलं की सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते, काही पावलं सरकवलं की निराळीकडे. जांभ्यातल्या लोहाचा हा खेळ. मोबाइलमधला दिशेचा बाणही तिथे फसतो, कारण तोही चुंबकावरच चालतो. नकाशातला निळा ठिपका मात्र बरोबर असतो. त्यामुळे परतताना बाण कुठे बघतोय ते सोडा, दहा पावलं चालून ठिपका कुठे सरकला ते बघा.